'लाय' की 'ले': पडणं, पाडणं आणि मधला भूतकाळ

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, कारण त्यात दोन वेगळे गोंधळ एकमेकांत मिसळले आहेत. तपासणीच्या टेबलावर रुग्णाला आडवं व्हायला सांगताना तुम्ही 'ले डाउन' म्हणत होतात. वरिष्ठांनी हटकलं: 'ले' नव्हे, 'लाय डाउन' म्हणा. तुम्ही मुकाट्यानं सुधारलंत. पुढे 'रुग्ण दहा मिनिटं टेबलावर पडून होता' हे अहवालात इंग्रजीतून लिहायची वेळ आली, तेव्हा तुम्ही 'लेड' लिहिलंत, तर त्याच वरिष्ठांनी ते खोडून वर 'ले' लिहिलं. काल चुकीचा ठरलेला शब्द आज बरोबर कसा, हा तुमचा पहिला सवाल. दुसरा असा की शब्दकोश उघडावा तर दोन्ही शब्दांखाली अर्थांची रांगच लागलेली, अंडी घालण्यापासून खोटं बोलण्यापर्यंत. हे सगळं पाठ करायचं का?

पाठ करायची गरज नाही. आणि वरिष्ठ दोन्ही वेळा बरोबर होते. त्यांनी कारण सांगितलं नाही, तिथेच तुमची पंचाईत झाली.

मी इंग्रजी मजकूर तपासतो. अहवाल, पाठ्यपुस्तकं, माहितीपत्रकं, अधूनमधून करारनामे. इंग्रजीतून मराठीत भाषांतरही करतो. या जोडीची चूक हाताखालून सतत जाते, आणि ती करणाऱ्यांत जन्मापासून इंग्रजी बोलणारेही भरपूर असतात. तेव्हा 'आपलं इंग्रजी कच्चं' असं मनाला लावून घेऊ नका. अर्थ पुष्कळ आहेत हे खरं, पण अडचण अर्थांची नाहीच. एकाच उच्चाराखाली भलतेच वेगळे शब्द लपले आहेत, आणि त्यातल्या दोघांची रूपं नेमकी एका ठिकाणी आदळतात. हे वेगळं काढलं की अर्थांची रांग आपोआप दोन ढिगांत पडते.

शब्द किती ते आधी बघू. 'लाय' या एका स्पेलिंगमध्ये दोन निराळे शब्द राहतात: आडवं पडणं आणि खोटं बोलणं. त्यांचं एकमेकांशी काही नातं नाही. इंग्रजीच्या सख्ख्या नात्यातल्या जर्मन भाषेत ते आजही वेगळे ऐकू येतात: पडून असणं म्हणजे 'लीगन' आणि खोटं बोलणं म्हणजे 'ल्यूगन'. इंग्रजीत उच्चार झिजत झिजत दोन्ही एका साच्यात येऊन बसले. 'ले'चं कुटुंब याहून मोठं. एक 'ले' म्हणजे ठेवणं. दुसरा 'ले' हे विशेषण, म्हणजे धर्मगुरू किंवा तज्ज्ञ नसलेला, सामान्य. 'लेमॅन' त्यातूनच आला, आणि वैद्यकीय संशोधनात सामान्य वाचकांसाठी जो सोपा सारांश जोडतात त्याला 'ले समरी' म्हणतात, तोही हाच 'ले'. याचं मूळ ग्रीक भाषेतल्या 'लोक' या अर्थाच्या शब्दात आहे. तिसरा 'ले' म्हणजे गाऊन सांगायचं जुनं कथाकाव्य, तो फ्रेंचमधून आला. आणि चौथा, ज्यानं तुम्हाला छळलं तो, आडवं पडणाऱ्या 'लाय'चा भूतकाळ.

शब्दकोश वाचताना एक सवय लावून घ्या. एकच स्पेलिंग असलेले शब्द बहुतेक कोश वेगवेगळ्या नोंदींत देतात आणि शब्दाच्या डोक्यावर १, २, ३ असे बारीक आकडे घालतात. आपण घाईत ते आकडे बघत नाही आणि सगळ्या नोंदी एकाच शब्दाचे अर्थ समजून वाचत सुटतो. खोटं बोलणारा, कथाकाव्याचा आणि सामान्य माणसाचा अशा नोंदी बाजूला काढल्या की तुमच्यापुढे फक्त दोन क्रियापदं उरतात. पुढचं सगळं त्यांच्याबद्दल.

इथे मराठी माणसाकडे आयतं भांडवल आहे, पण इंग्रजी शिकताना आपण त्याला हात लावत नाही. 'फांदी पडली' आणि 'फांदी पाडली'. पहिल्या वाक्यात जे काही झालं ते फांदीचं फांदीला झालं. दुसऱ्यात कुणीतरी ते केलं. आतला स्वर लांबला आणि अकर्मक क्रियापद सकर्मक झालं. मरणे–मारणे, गळणे–गाळणे, चरणे–चारणे, टळणे–टाळणे, सरणे–सारणे. इंग्रजी ज्या भाषाकुळातून आली तिथेही हीच युक्ती होती. एखादी गोष्ट 'व्हायला लावणे' या अर्थाचं क्रियापद मूळ धातूपासूनच घडवायचे, आणि त्यात आतला स्वर बदलायचा. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. राइज म्हणजे उठणे, रेझ म्हणजे उठवणे किंवा उचलणे. फॉल म्हणजे पडणे, फेल म्हणजे झाड वगैरे पाडणे (हा नापास होण्याचा फेल नव्हे). ड्रिंक म्हणजे पिणे, आणि ड्रेंच म्हणजे मुळात पाजणे. आज आपण तो 'चिंब भिजवणे' म्हणून ओळखतो, पण गुरांना औषध पाजण्यासाठी पशुवैद्य अजूनही तोच वापरतात. लाय आणि ले ही त्याच माळेतली जोडी. लाय म्हणजे पडणे किंवा पडून असणे, ले म्हणजे पडेल असं ठेवणे.

म्हणून माझी कसोटी एकच: 'काय?' असा प्रश्न विचारायचा. ले म्हटलं की 'काय ठेवलं?' याचं उत्तर वाक्यात सापडलं पाहिजे. लाय म्हटलं की असा प्रश्नच लागू होत नाही. 'मी दुपारी अंथरुणावर पाडलो' असं आपल्यापैकी कुणी म्हणणार नाही. 'ले डाउन प्लीज' मध्ये नेमकं तेच होतं.

तुमच्याच खोलीतल्या सूचना घेऊ, म्हणजे हातात येईल. रुग्ण स्वतः आडवा होणार असेल तर 'लाय डाउन', 'लाय ऑन युअर बॅक'. सुई टोचण्याआधी हात उशीवर ठेवायला सांगायचा असेल तर 'ले युअर आर्म ऑन द पिलो', कारण इथे 'काय ठेवायचं' याला 'हात' हे उत्तर आहे. तोच हात ताणून न धरता सैल पडू द्यायचा असेल तर 'लेट युअर आर्म लाय फ्लॅट'. हात आता कर्म नाही, तो स्वतः पडून आहे. रुग्ण बेशुद्ध असेल आणि दोघांनी उचलून त्याला ठेवायचं असेल तर सहकाऱ्याला 'ले हिम डाउन जेंटली'. चारही सूचना बरोबर, आणि एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

आता अहवालातला भूतकाळ. तिन्ही क्रियापदांची रूपं एकदा शेजारी ठेवून बघा:

आडवं पडणं: लाय, ले, लेन, चालू काळात लाइंग.
ठेवणं: ले, लेड, लेड, चालू काळात लेइंग.
खोटं बोलणं: लाय, लाइड, लाइड, चालू काळात लाइंग.

पहिल्या ओळीतलं दुसरं रूप आणि दुसऱ्या ओळीतलं पहिलं रूप. सगळं भांडण या एका जागी आहे. 'पडला होता' साठीचा भूतकाळ आणि 'ठेव' साठीचा वर्तमानकाळ अक्षरशः एकच शब्द झाला. तुमच्या वरिष्ठांनी आधी दुसऱ्या ओळीतला 'ले' हटवला, आणि नंतर पहिल्या ओळीतला 'ले' लिहिला. दिसायला तोच, पण शब्द दुसरा.

असा अपघात इंग्रजीत फक्त इथेच झाला असंही नाही. फॉल-फेल बघा. फॉलचा भूतकाळ फेल, आणि झाड पाडण्याचं क्रियापदही फेल, ज्याचा भूतकाळ फेल्ड. 'द ट्री फेल' म्हणजे झाड पडलं, 'दे फेल्ड द ट्री' म्हणजे त्यांनी झाड पाडलं. रचना तंतोतंत लाय-ले सारखी, तरी तिथे कुणी अडखळत नाही. कारण झाडं पाडण्याची गोष्ट आपण रोज करत नाही, त्यामुळे तो दुसरा फेल सहसा समोर येत नाही. लाय आणि ले मात्र दोन्ही रोजच्या वापरातले, आणि दोन्ही बऱ्याचदा 'डाउन'ला चिकटून येतात.

हे 'डाउन' प्रकरण जरा कान देऊन ऐका. 'ही ले डाउन' म्हणजे तो आडवा झाला. 'ही लेड डाउन द बुक' म्हणजे त्यानं पुस्तक खाली ठेवलं. 'लेड'च्या शेवटी 'ड', 'डाउन'च्या सुरुवातीला 'ड'. बोलताना दोन्ही एकमेकांत विरघळतात आणि 'ले डाउन', 'लेड डाउन' यांत कानाला काही फरक उरत नाही. भाषा ऐकून शिकणाऱ्या मुलाला कळणार कसं की इथे 'ड' होता आणि तिथे नव्हता? पुढे लिहायची वेळ आली की ते अंदाजानं लिहितं. बरेच इंग्रज आणि अमेरिकन इथेच घसरतात.

आणखी एक कारण आहे, आणि तेही मराठीत दाखवता येतं. दमून आल्यावर आपण 'जरा आडवा होतो' म्हणतो तसंच 'जरा अंग टाकतो' असंही म्हणतो. दुसऱ्या वाक्यात 'अंग' हे चक्क कर्म आहे. मी माझं अंग खाली टाकतो. जुन्या इंग्रजीतही 'स्वतःला खाली ठेवणे' अशी रचना रूढ होती. इंग्रज मुलांची झोपताना म्हणायची जुनी प्रार्थना आहे, 'नाऊ आय ले मी डाउन टू स्लीप' अशी सुरू होते, त्यात 'मी' म्हणजे 'मला'. कर्म आहे, म्हणून 'ले' बिनचूक. ते 'मला' गळलं की उरतं 'आय ले डाउन', आणि ऐकणाऱ्याला वाटतं की ले म्हणजे झोपणं.

इथपर्यंत पटलं असेल तर संशयितांची यादी किती लहान आहे ते बघा. 'लेन' दिसला की तो पडणाराच, दुसरा असू शकत नाही. 'लेड', 'लेज' आणि 'लेइंग' दिसले की ते ठेवणारेच, त्यांना कर्म हवंच. संशय फक्त नुसत्या 'ले'वर. तिथे काळ बघायचा. काळ वर्तमान असेल तर ठेवणं, भूतकाळ असेल तर पडणं. मी तपासताना आधी 'लेज' आणि 'लेइंग' शोधतो, कारण ते कर्माशिवाय दिसले की डोळे झाकून दुरुस्त करता येतात. 'द प्रॉब्लेम लेज इन...' असं सुशिक्षितांच्या मजकुरातही ढिगानं सापडतं. तिथे 'लाइज' हवं, कारण अडचण काही ठेवत नाही, ती असते.

यात एकच फसवी जागा. कधी कर्म गृहीत धरलेलं असतं. 'द हेन्स आर लेइंग वेल' मध्ये अंडी हा शब्द नाही, पण कोंबड्या दुसरं काय घालणार? आणि कर्मणी प्रयोगात कर्म पुढे येऊन कर्त्याच्या जागी बसतं: 'द केबल वॉज लेड', केबल टाकली गेली. यावरून तुमच्या अहवालातलं वाक्य पुन्हा वाचा. 'द पेशंट ले ऑन द टेबल' म्हणजे रुग्ण टेबलावर पडून होता. 'द पेशंट वॉज लेड ऑन द टेबल' म्हणजे रुग्णाला कुणीतरी टेबलावर ठेवलं. स्वतः चढून झोपता येणारा रुग्ण आणि उचलून ठेवावा लागलेला रुग्ण, यांत पुढच्या डॉक्टरांच्या दृष्टीनं केवढा फरक आहे! (उत्तर इंग्लंडच्या बोलीत 'वॉज लेड' हे 'पडून होता' या अर्थानं बोलतात. ती तिथली बोली, तिला हसायचं कारण नाही. अहवालात मात्र नको.)

आता अर्थांचे दोन ढीग. ले चा ढीग मोठा आहे आणि मला भाषांतर करताना तोच जास्त आवडतो, कारण एका 'ले'साठी मराठी दर वेळी नवं क्रियापद काढून देते. पाया घालतात, अंडी घालतात. विटा रचतात. फरशी बसवतात. गालिचा अंथरतात. ताटं मांडतात. केबल टाकतात. सापळा लावतात, पैज लावतात. ठपका ठेवतात, शस्त्रं खाली ठेवतात, कागदपत्रं सभागृहाच्या पटलावर ठेवतात. हक्क मात्र सांगतात. इंग्रजीत हे सगळं 'ले'. शब्दकोशात हे वीसेक निराळे अर्थ म्हणून छापलेले असतात, पण नीट बघितलं तर क्रिया एकच: कुणीतरी काहीतरी अशा रीतीनं ठेवतं की ते तिथे टिकून राहावं. वीट, नियम किंवा दोष, काहीही असो, ठेवणारा आणि ठेवलेली वस्तू दोन्ही हजर असतात.

'ले डाउन'चा एक अर्थ नियम घालून देणे. मराठीतही नियम 'घालून'च देतात, आणि इंग्रजीतला 'लॉ' हा शब्द स्वतःच या धातूच्या गोतावळ्यातला आहे. तो इंग्रजीत आला उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या भाषेतून, आणि मुळात त्याचा अर्थ 'घालून दिलेलं, ठेवलेलं' असा होता. 'फेलो'ही त्याच लोकांचा: 'फे' म्हणजे गुरं किंवा संपत्ती, आणि जो आपली संपत्ती दुसऱ्याच्या शेजारी भागीदारीत ठेवतो तो फेलो. 'लागर' बिअरमधला लागर म्हणजे जर्मनमध्ये कोठार, जिथे ती मुरायला ठेवत. हे सगळं परीक्षेत कुणी विचारणार नाही, पण एकदा कळलं की 'ले' म्हणजे ठेवणं हे डोक्यातून जात नाही.

'ले ऑफ' तुम्ही बातम्यांत वाचत असाल. काम नाही म्हणून लोकांना तात्पुरतं बसवून ठेवणं हा त्याचा मूळ रोख. हल्ली कायमचं काढून टाकण्यालाही सरसकट तोच शब्द वापरतात, त्यामुळे करारनामा किंवा कायद्याचा मजकूर असेल तर मी आधी विचारतो की नेमकं काय अभिप्रेत आहे. आणि कुणी वैतागून नुसतं 'ले ऑफ!' म्हणालं तर तो 'पुरे कर, सोड नाद' असा दम असतो.

एक नाजूक इशारा, कारण तुमचं काम माणसांशी आहे. 'ले'ला माणूस हे कर्म दिलं आणि पुढे 'डाउन', 'ऑन द बेड' असं काही जोडलं नाही, तर त्याला बाजारू, लैंगिक अर्थ येतो. 'गेट लेड' हा प्रयोग त्यातलाच. रुग्णाशी बोलताना 'डाउन' गाळू नका. जुन्या इंग्रजीत 'लाय विथ' यालाही शय्यासोबतीचा अर्थ होता, पण तो आता जुन्या ग्रंथांतच उरला. आज 'लाय विथ' बहुतेक वेळा दोष किंवा जबाबदारी कुणाकडे आहे हे सांगायला येतो.

लाय चा ढीग लहान आणि शांत. त्यात कुणी काही करत नाही, गोष्टी जिथे आहेत तिथे असतात. गाव दरीत वसलेलं असतं, खरी मेख कुठेतरी असते, भविष्यात काही वाढून ठेवलेलं असतं, थडग्यावर 'हिअर लाइज' लिहिलेलं असतं. मराठीत यातल्या बहुतेक ठिकाणी साधं 'आहे' पुरतं. 'पडलेलं आहे' लिहिलं की भाषांतराचा वास येतो. कायद्याच्या इंग्रजीत 'ॲन अपील लाइज' असं एक वाक्य येतं, त्यात कुणी पडत नाही की खोटं बोलत नाही. त्याचा अर्थ एवढाच की तिथे अपील करता येतं.

खोटं बोलणं आणि पडून असणं यांचं चालू रूप 'लाइंग' एकच आहे, म्हणून 'द पेशंट वॉज लाइंग' असं अर्धवट वाक्य सोडू नका. पुढे 'ऑन द टेबल' आलं की तो पडला होता, 'अबाउट द पेन' आलं की तो दुखण्याबद्दल खोटं सांगत होता. एवढ्याशा शब्दयोगी शब्दावर माणसाची अब्रू टांगलेली असते.

काही ठिकाणी मात्र कसोटी पुरत नाही, तिथे रूढी बघावी लागते. एखाद्या जागेचा किंवा परिस्थितीचा एकंदर रागरंग यासाठी ब्रिटिश 'द लाय ऑफ द लँड' म्हणतात आणि अमेरिकन 'द ले ऑफ द लँड'. दोन्ही बरोबर, एका मजकुरात मिसळू नका म्हणजे झालं. 'लाय लो' म्हणजे दडून राहणं, आणि त्याचा भूतकाळ 'ले लो'. म्हणून टोळी काही महिने दडून होती तर 'द गँग ले लो'. लोक तिथे 'लेड लो' लिहितात, पण त्याचा अर्थ वेगळा: आडवं केलं. 'फ्लू लेड हिम लो', तापानं त्याला आडवं पाडलं. इथे मराठीही 'पाडलं'च म्हणते.

जोडशब्दांतही हीच शिस्त चालते. 'अंडरलाय' म्हणजे मुळाशी असणं, म्हणून आजाराच्या मुळाशी असलेलं कारण ते 'अंडरलाइंग कॉज', 'अंडरलेइंग' नव्हे. वैद्यकीय मजकुरात ही चूक मला वरचेवर दिसते. 'मिसले' म्हणजे वस्तू कुठेतरी ठेवून विसरणं, भूतकाळ 'मिसलेड'. 'वेले' म्हणजे वाटेत गाठणं, भूतकाळ 'वेलेड'. आणि 'बिलाय', म्हणजे खोटं पाडणं किंवा खऱ्याचा पत्ता लागू न देणं, हा तिसऱ्या घराण्यातला, म्हणून 'बिलाइड'. स्पेलिंगचं म्हणाल तर लेड हा पेड, सेड यांच्या पंगतीतला आहे: एल, ए, आय, डी. मध्ये वाय आणि पुढे ईडी असं लिहिलेलं दिसलं की ते चूक.

राहिला शेवटचा मुद्दा, यात कडक किती राहायचं? हे खरंच परिस्थितीवर आहे. पडण्याच्या अर्थी 'ले' वापरणं हे काही आजचं बिघडलेलं इंग्रजी नाही. मध्ययुगापासून लोक तसं बोलत आले आहेत, आणि व्याकरणकारांनी त्यावर डोळे वटारायला सुरुवात केली ती अठराव्या शतकात. बायरनसारख्या कवीनं १८१८ साली प्रसिद्ध झालेल्या काव्यात यमक जुळवायला 'लाय'च्या जागी 'ले' ठेवलं आणि टीकाकार त्यावर पुढे कितीतरी काळ बोलत राहिले. अमेरिकेत बोलताना तर 'ले डाउन' इतकं चालतं की खुद्द रुग्णच तुम्हाला 'शुड आय ले डाउन?' असं विचारेल. त्याला दुरुस्त करत बसू नका. 'येस, लाय डाउन' म्हणा आणि कामाला लागा. लेखी मजकुरात मात्र, विशेषतः अहवाल, अर्ज आणि छापून जाणारं काहीही, मी सूट देत नाही. तिथे वाचणारा अर्थ समजूनही तुमच्याबद्दल एक मत बनवतो, आणि वर दाखवल्याप्रमाणे 'वॉज लेड'सारख्या जागी अर्थही बदलतो.

तुमच्या अहवालातल्या वाक्याचं काय करायचं? वरिष्ठांचं 'ले' ठेवलं तरी चालेल, ते शुद्ध आहे. पण तिथे 'ले' दिसला की दुसरा वाचणारा अडखळणार आणि कदाचित ते पुन्हा खोडणार. मी असतो तर 'वॉज लाइंग' लिहिलं असतं, किंवा तुमच्याच क्षेत्रातला शब्द घेतला असता: 'रिमेन्ड सुपाइन फॉर टेन मिनिट्स'. सुपाइन म्हणजे पाठीवर उताणं, प्रोन म्हणजे पालथं. यात रुग्ण कसा पडला होता तेही कळतं, जे लाय किंवा ले दोघेही सांगत नाहीत. 'लेन'च्या बाबतीतही तेच करा. 'हॅड लेन' बरोबर आहे, पण आज तो इतका क्वचित दिसतो की वाचणाऱ्याला छापण्याची चूक वाटते. 'हॅड बीन लाइंग' लिहा, कुणाची हरकत येणार नाही.